जुन्या बाजारातले इलेक्ट्रॉनिक भंगार: एका नियमित गिऱ्हाइकाचा अभिप्राय

मंगळवार पेठेतला जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो, हे पुणेकराला वेगळे सांगायला नको. मात्र तेथे जाणारे बहुतेक जण पितळी भांडी, जुनी नाणी, पान्हे, घड्याळे किंवा बूट पाहण्यासाठी जातात आणि बंद पडलेले प्रिंटर, यूपीएस व सेट टॉप बॉक्स यांच्या ढिगांकडे नजरही न टाकता पुढे सरकतात. हा अभिप्राय त्या ढिगांपुरताच आहे. गेल्या दीड वर्षात मी तेथे वीस-बावीस वेळा गेलो असेन आणि घरी आणलेल्या प्रत्येक वस्तूची किंमत व तिच्यातून निघालेले उपयोगी भाग यांची नोंद एका दोनशेपानी वहीत ठेवत आलो आहे. त्या नोंदी पाहता माझे मत असे झाले आहे की लोखंड, तांबे, ॲल्युमिनियम आणि चुंबक यांसाठी या बाजाराला पुण्यात तोड नाही. ज्यांच्या पोटात रसायन असते, म्हणजे बॅटऱ्या आणि इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर, त्यांसाठी तेथे एक रुपयाही खर्च करू नये. आणि आयसी, रेझिस्टर वगैरे बारीकसारीक भागांसाठी तेथे जाणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होय.

जाण्याची वेळ सकाळी साडेनऊ ते अकराच्या दरम्यान ठेवावी. त्याआधी गोणी सुटलेल्या नसतात, आणि बारानंतर भंगाराचे ठोक व्यापारी चांगला माल उचलून गेलेले असतात. दुचाकी लावायला जागा मिळणे हे नशिबाचे काम असल्यामुळे मी हल्ली मेट्रोने मंगळवार पेठ स्थानकापर्यंत जातो आणि तेथून चालत पोहोचतो, परंतु परतीच्या वेळी हातात आठ किलोंचा प्रिंटर असला की याच निर्णयाचा पश्चात्ताप होतो. पावसाळ्यात जाणे टाळावे. ताडपत्रीखाली झाकलेला माल कोरडा दिसतो, पण बोर्डांच्या फटींत शिरलेले पाणी आठवडाभर वाळत नाही, आणि कनेक्टरांवर हिरवट गंज चढलेला घरी गेल्यावरच लक्षात येतो.

तेथे वीज नसते, म्हणून वस्तू चालू करून पाहण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. विक्रेत्यांनाही तसा दावा करायची गरज वाटत नाही. एकदा मी एका वयस्कर विक्रेत्याला, “मामा, हा प्रिंटर चालू होता का?” असे विचारले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहिले आणि म्हणाले, “साहेब, चालू असता तर इथं आला असता का? आहे तसा घ्या, नाहीतर ठेवा.” मला हा सडेतोडपणा आवडतो. परीक्षा आपली आपणच करायची असते, आणि त्यासाठी मी खिशात एक स्वस्त मल्टिमीटर, एक लोहचुंबकाचा तुकडा, एक स्क्रू ड्रायव्हर आणि तारा जोडलेला एक लाल एलईडी ठेवतो. शेवटची वस्तू क्षुल्लक वाटेल, पण स्टेपर मोटार, म्हणजे ठरावीक पावलांनी फिरणारी मोटार, जागेवर तपासण्याचे तिच्याइतके सोपे साधन दुसरे नाही. मोटारीच्या एकाच कॉइलच्या दोन तारांना एलईडी लावून बोटांनी दांडा झटकन फिरवला की मोटारच जनित्र बनते आणि दिवा लुकलुकतो. दोन्ही कॉइलींवर तो लुकलुकला, तर मोटार धडधाकट आहे असे समजायला हरकत नाही. चार तारांपैकी कोणत्या दोन एका कॉइलच्या आहेत, हे कळण्यासाठी मल्टिमीटरही लागत नाही: दोन तारांची उघडी टोके एकमेकांना टेकवायची आणि दांडा फिरवायचा, तो आधीपेक्षा जड लागला, तर जोडी जुळली.

माझी सगळ्यात फायद्याची खरेदी म्हणजे साडेतीनशे रुपयांना घेतलेला एक जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. बँकांतून, पतसंस्थांतून आणि वाहतूकदारांच्या कचेऱ्यांतून निवृत्त झालेले हे प्रिंटर दिसायला बोजड असतात, आणि तेच त्यांचे भूषण आहे, कारण अलीकडचे घरगुती इंकजेट प्रिंटर उघडले की आत बहुधा साध्या डीसी मोटारी आणि रेषा छापलेली एक पारदर्शक पट्टी निघते, तर डॉट मॅट्रिक्समध्ये कागद ओढण्यासाठी एक आणि छपाईचे डोके डावी-उजवीकडे नेण्यासाठी एक अशा दोन स्टेपर मोटारी सापडतात. मी तो गच्चीवर वर्तमानपत्र अंथरून उघडला. पंधरा-सोळा स्क्रू, चार खाचा आणि शाईच्या रिबिनीने काळे झालेले हात, एवढ्या भांडवलावर तासाभरात दोन मोटारी, आरशासारखा गुळगुळीत पोलादी दांडा, दातेरी पट्टा, दोन कप्प्या, डोके कडेला पोहोचल्याची खबर देणारा प्रकाशीय सेन्सर, मूठभर स्क्रू आणि एक भारदस्त ट्रान्सफॉर्मर एवढा ऐवज बाजूला निघाला. पट्टा ताणून धरणारी बारीकशी स्प्रिंगही मी डबीत ठेवली. अशी स्प्रिंग दुकानात मागायला गेले तर दुकानदार आपल्याकडेच वाकड्या नजरेने पाहतो. दांड्यावर वर्षानुवर्षांचे तेल आणि कागदाची धूळ यांचा लगदा जमला होता, तो रॉकेलच्या बोळ्याने पुसल्यावर खाली एकही ओरखडा दिसला नाही.

दोन मोटारींपैकी मोठी मोटार एका फेऱ्यात २०० पावले टाकणारी, म्हणजे एका पावलाला १.८ अंश फिरणारी निघाली, आणि मला हवी होती ती नेमकी हीच. माझ्या डोक्यात बरेच दिवस आकाशछायाचित्रणासाठी फळ्यांचा फिरता पाट करायचे होते. दोन फळ्या बिजागरीने जोडायच्या, बिजागरीचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखायचा, जो पुण्यातून क्षितिजाच्या साडेअठरा अंश वर असतो, आणि वरची फळी एका आट्याच्या दांड्याने अगदी सावकाश उचलत न्यायची, म्हणजे कॅमेरा पृथ्वीच्या फिरण्याची भरपाई करत राहतो. सहा मिलिमीटर जाडीच्या साध्या बोल्टचे आटे एक मिलिमीटर अंतरावर असतात. तो बिजागरीपासून २२८.६ मिलिमीटरवर बसवला आणि मिनिटाला बरोबर एक फेरा दिला, तर फळीची गती ताऱ्यांच्या गतीशी जुळते. २०० पावलांच्या मोटारीला याचा अर्थ मिनिटाला २०० पावले एवढाच होतो, आणि असे पूर्णांकी गणित जमले की पुढचा प्रोग्रॅम चार ओळींत संपतो. सरळ दांड्यामुळे काही मिनिटांनंतर थोडी चूक साचू लागते, पण दोन-दोन मिनिटांच्या छायाचित्रांसाठी ती जाणवत नाही. पानशेतच्या बाजूला जाऊन ५० मिलिमीटरच्या लेन्सने मी वृश्चिक राशीची छायाचित्रे घेतली, तेव्हा तारे रेघांऐवजी ठिपके दिसले. नव्या, याच ताकदीच्या मोटारीला मला सात-आठशे रुपये पडले असते. येथे त्याच्या निम्म्या पैशांत मोटार मिळाली आणि बाकीचा ऐवज वर.

भावाबद्दल एक गोष्ट मला उशिरा कळली. हे विक्रेते वस्तूची किंमत तिच्या उपयोगावरून ठरवत नाहीत. ती वस्तू गिऱ्हाइकाअभावी भंगाराच्या वखारीत किलोवर घातली तर काय मिळेल, हा त्यांचा तळाचा हिशेब असतो. म्हणून लोखंडी सांगाड्याच्या जड प्रिंटरासाठी घासाघीस एका मर्यादेपलीकडे जात नाही, तर प्लॅस्टिकचा हलका डीव्हीडी ड्राइव्ह तीस-चाळीस रुपयांत सहज सुटतो. या ड्राइव्हची शिफारस मी नवशिक्याला आवर्जून करीन, कारण त्यात लेझरची गाडी पुढे-मागे सरकवणारी एक चिमुकली स्टेपर मोटार बहुधा आट्याच्या दांड्यासकट मिळते. ती एका फेऱ्यात २० पावले टाकते आणि एका फेऱ्यात गाडीला साधारण ३ मिलिमीटर सरकवते. म्हणजे एका पावलाला ०.१५ मिलिमीटर. असे दोन ड्राइव्ह एकमेकांना काटकोनात जोडून माझ्या भाचीने पोस्टाच्या तिकिटाएवढ्या कागदावर चित्रे काढणारे यंत्र केले आहे. ड्राइव्हमधला लेझर मात्र खेळण्याची वस्तू नव्हे. डीव्हीडी लिहिणाऱ्या ड्राइव्हचा लेझर डोळ्याला कायमची इजा करू शकतो, म्हणून मी तो भाग मुलांच्या हाती लागण्याआधीच वेगळा काढून ठेवतो.

संगणकाचे जुने पॉवर सप्लाय शंभर रुपयांच्या आत मिळतात आणि त्यांचे दोन उपयोग आहेत. ते जिवंत असतील, तर हिरवी तार कोणत्याही काळ्या तारेला जोडली की सुरू होतात, आणि पिवळ्या तारेवर १२, लाल तारेवर ५ व नारिंगी तारेवर ३.३ व्होल्ट देतात. प्रयोगाच्या टेबलासाठी एवढा स्वस्त वीजपुरवठा दुसरीकडे मिळणार नाही. ते मेलेले असतील, तर पंखा, ॲल्युमिनियमचे उष्णताशोषक, जाड तारा, फेराइटचे गाभे आणि पिवळ्या-पांढऱ्या कड्यावर गुंडाळलेली तांब्याची तार हाती येते. मी विकत घेतलेल्या सातांपैकी तीन जिवंत निघाले. उघडण्यापूर्वी हे ध्यानात ठेवावे की २३० व्होल्टची वीज आत सरळ केली जाते, म्हणजे एसीची डीसी होते, तेव्हा तिचा दाब साधारण ३२५ व्होल्टपर्यंत जातो आणि वायर काढून ठेवल्यावरही मोठ्या कॅपॅसिटरांत तो काही काळ टिकतो. बंद पडलेल्या सप्लायमध्ये तर अधिकच, कारण तो खर्च करणारे सर्किटच मेलेले असते. पहिल्या खेपेस मी स्क्रू ड्रायव्हरच्या पात्याने दोन टोके जोडण्याचा शहाणपणा केला. कानाशी फटाका वाजल्यासारखा आवाज झाला, पात्याला खड्डा पडला आणि घरातल्यांनी पुढचा आठवडाभर हा विषय सोडला नाही. आता मी २३० व्होल्टचा साधा पिवळा दिवा होल्डरसकट ठेवतो, त्याच्या दोन तारा कॅपॅसिटरला टेकवतो आणि नंतर मल्टिमीटरने शून्याची खात्री करून घेतो.

याच कारणासाठी दोन वस्तूंच्या वाटेला मी जात नाही. जुन्या डबा टीव्हीच्या काचनळीवर २० ते २५ हजार व्होल्टचा दाब साठू शकतो, आणि मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर सुमारे दोन हजार व्होल्ट देतो, तोही जीव घेण्याइतक्या प्रवाहासह. मायक्रोवेव्ह फुकट मिळाला तर त्याची काचेची थाळी फिरवणारी संथ मोटार आणि दारामागची तीन खटक्याची बटणे मी काढून घेतो, पण मॅग्नेट्रॉनला, म्हणजे सूक्ष्मलहरी निर्माण करणाऱ्या नळीला, हात लावत नाही, कारण काही मॅग्नेट्रॉनच्या चिनी मातीसारख्या दिसणाऱ्या भागात बेरिलियम ऑक्साइड असते आणि तो भाग फुटल्यावर उडणारी धूळ फुप्फुसांना घातक असते. मोबाइलच्या ढिगाकडेही मी फिरकत नाही. तो कोणाच्या खिशातून आला, हे समजायला मार्ग नसतो. हार्ड डिस्क मात्र घेतो, आत काय साठवले आहे हे पाहण्याच्या फंदात न पडता तबकड्या आधी ओरखडून टाकतो, आणि त्यातले निओडिमियमचे दोन चुंबक काढतो. हे चुंबक एकमेकांजवळ आणताना बोट मध्ये सापडले की रक्त साकळते. माझ्या डाव्या तर्जनीला याचा पुरावा बरेच दिवस होता.

आता तक्रार. गेल्या हिवाळ्यात एका विक्रेत्याकडे, ज्याचे नाव मला ठाऊक नाही आणि ठाऊक असते तरी येथे दिले नसते, चांगला वजनदार यूपीएस दिसला. भवानीची वेळ होती, त्याने दोनशे सांगितले, मी दीडशेला घेतला. हातातल्या वजनावरून आत ट्रान्सफॉर्मर शाबूत आहे, असे मी गृहीत धरले. घरी येऊन झाकण काढले, तर ट्रान्सफॉर्मरच्या जागी चार रिकामी भोके आणि व्यवस्थित कापलेल्या तारा. सगळे वजन होते ते १२ व्होल्टच्या मृत शिशाच्या बॅटरीचे. बॅटरी जुनी-नवी बदलून देणाऱ्या दुकानात तिचे थोडे पैसे परत आले, परंतु तांबे कोणीतरी आधीच खाल्ले होते. त्यानंतर मी यूपीएस विकत घेताना तो हळूच तिरपा करून जड बाजू कोणती ते पाहतो, हवा जाण्याच्या फटींतून टॉर्च मारतो आणि प्लगच्या दोन पिनांमधला रोध मोजतो. सुटा ट्रान्सफॉर्मर घेताना तर नाकही लावतो. जळक्या वॉर्निशचा वास एकदा ओळखीचा झाला की मल्टिमीटरची गरज उरत नाही. विक्रेत्याकडे मी पुढच्या रविवारी गेलो होतो. तो म्हणाला, “काका, मी पण उघडून बघितला नव्हता,” आणि मला ते खरे वाटले.

कॅपॅसिटरांबद्दल मी सुरुवातीला कडक शब्द वापरले, त्याचे कारण द्यायला हवे. इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरमधला द्रव उष्णतेने सुकत जातो. वरची टोपी फुगलेली असेल तर दोष दिसतो, पण अनेकदा ती सपाटच राहते, मल्टिमीटरवर क्षमताही ठीक भरते, आणि अंतर्गत रोध मात्र इतका वाढलेला असतो की सर्किट सुरू होताच गडगडते. अशा एका कॅपॅसिटरने माझ्या ॲम्प्लिफायरचे दोन रविवार खाल्ले. नव्या इलेक्ट्रॉनिक भागांच्या तपकीर गल्लीत नवा कॅपॅसिटर काही रुपयांत मिळतो. लॅपटॉपच्या बॅटरीतल्या गोल लिथियम सेलांचेही तेच. त्यांतला एखादा दोन व्होल्टच्या खाली उतरलेला असेल, तर तो पुन्हा चार्ज करण्याचा मोह आगीला आमंत्रण देतो.

तपकीर गल्लीचा उल्लेख आलाच आहे, तर तुलनाही करतो. बुधवार पेठेतल्या त्या गल्लीत नवे ट्रान्झिस्टर, आयसी, कनेक्टर, कथील, सगळे मिळते आणि काउंटरवरच्या माणसाला भागाचा क्रमांक सांगितला की तो मागे न पाहता डबा काढतो. मोटार चालवणारी आयसी तेथे पंधरा-वीस रुपयांत मिळत असताना जुन्या बोर्डावरून ती उकलून काढण्यात अर्धा तास घालवणे मला परवडत नाही. ज्यांना तरीही उकलायचे आहे, त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की युरोपात १ जुलै २००६ पासून शिशावर निर्बंध आल्यानंतर जगभरचे बहुतेक बोर्ड बिनशिशाच्या कथलाने जोडले जाऊ लागले. ते २१७ अंशांच्या आसपास वितळते, तर आपले नेहमीचे ६०-४० कथील (६० टक्के कथील, ४० टक्के शिसे) १८३ अंशांपासूनच मऊ होऊ लागते. म्हणून जुन्या जोडावर आधी थोडे नवे ६०-४० कथील वितळवून मिसळायचे, जोड चकचकीत झाला की शोषकपंपाने ओढायचे. नुसत्या सोल्डर गनने दाबत बसले की तांब्याची पट्टीच उखडून हातात येते. हे काम खिडकीजवळ करावे आणि नंतर हात साबणाने धुवावेत.

उरलेल्या सांगाड्याचे काय करायचे, हा प्रश्न प्रत्येक खरेदीला चिकटून येतो. लोखंड आणि ॲल्युमिनियम भंगारवाला आनंदाने नेतो. बोर्ड, तुटक्या तारा आणि प्लॅस्टिक मी एका खोक्यात साठवतो आणि आमच्या भागात इ-कचऱ्याचे संकलन असते, त्या दिवशी देऊन टाकतो. तांबे सुटावे म्हणून तारा जाळू नयेत, त्या धुरातले विष शेजाऱ्यांच्या घरात जाते. टोकापासून सोलायला वेळ नसेल, तर तारा तशाच द्याव्यात.

गुणांकनच करायचे झाले, तर मोटारी, ट्रान्सफॉर्मर, दांडे, उष्णताशोषक आणि पेट्या यांसाठी मी या बाजाराला पाचांपैकी साडेचार देईन, वीजपुरवठ्यासाठी साडेतीन, आणि इतर सुट्या भागांसाठी एक. तोही पोटेन्शिओमीटर आणि जुन्या रेडिओत केंद्र लावणाऱ्या फिरत्या पत्र्यांच्या गँग कंडेन्सरमुळे, जो आता नवा मिळणे दुरापास्त झाले आहे. मला असा एक तीस रुपयांत मिळाला, पत्रे जरा वाकलेले होते, ते वस्तऱ्याच्या पात्याने सरळ केले. सध्या त्याच्यावर आणि फेराइटच्या एका कांडीवर ७९२ किलोहर्ट्झवरचे पुणे केंद्र पकडण्याचा खटाटोप सुरू आहे. आवाज येतो, पण कुजबुजल्यासारखा. त्यासाठी चांगला जुना हेडफोन हवा आहे, जास्त रोधाचा, आणि तो येत्या बुधवारी शोधणार आहे.